चहा नको, आत्ताच झाला

आमच्या वऱ्हाडात पोरांची आणि पापाची पहिली गाठ बहुधा अंड्यापाशी पडते. माझ्या नातीची तरी तिथंच पडली. अमरावतीच्या तिच्या घरी अंड्याला बंदी नाही, पण त्याची कढई वेगळी आहे आणि ती ओट्याखाली, केरसुणीच्या शेजारी राहते. सोमवार महादेवाचा, गुरुवार गजानन महाराजांचा, शनिवार मारुतीचा, म्हणून या तीन वारी कढईला विश्रांती. चतुर्थी, एकादशी सोडायची. श्रावण तर अख्खाच सोडायचा. मग पोळा होतो, दुसऱ्या दिवशी कर येते आणि महिनाभर सोवळ्यात राहिलेलं गाव भल्या सकाळी मटणाच्या दुकानापुढे रांग लावतं. हे सगळं नीट पाहून, वारांचा हिशेब बोटांवर मांडून त्या सहा वर्षांच्या पोरीनं एका रात्री ताटावर बसल्या बसल्या बापाला विचारलं, "बाबा, सोमवारी खाल्लं तर पाप लागते न् बुधवारी लागत नाई. मंग बुधवारी पापाले सुटी राहते का?"

बाप म्हणाला, "जेव चुपचाप."

"जेव चुपचाप" हे आपल्याकडचं सगळ्यात जास्त सांगितलं गेलेलं धर्मशास्त्र. त्यावर भाष्य कुणी लिहिलेलं नाही, पण त्याच्यापुढे कुणाचं काही चालतही नाही. पोरगी जेवली चुपचाप. डोक्यातला हिशेब मात्र थांबला नाही. खालच्या मजल्यावरून सोमवारीही कांदा-अंड्याचा वास वर येतो आणि तो आला की तिकडे मुक्कामाला असलेली तिची आजी, म्हणजे आमची सौ., खिडकी लावून घेते. बोलत काहीच नाही. फक्त कडी जरा जोरात सरकवते. त्या कडीच्या आवाजातून नातीनं काढायचं ते काढलं. दुसऱ्या दिवशी जिन्यात खालच्या घरची पोरगी भेटली तेव्हा आमच्या हिनं तिला मोठ्या कणवेनं सांगितलं, "तुम्ही नरकात जाणार हाव ना, मले माहीत हाय. पण तू बुधवारी खेळायले येत जा."

घरात तपास झाला. नरकाचं कुणी सांगितलं? बाप म्हणाला मी नाही, आई म्हणाली मी कशाला सांगू, आजी म्हणाली माझ्या तर तोंडून शब्द निघाला नाही. तिघंही खरं बोलत होते.

मला या गोष्टीची मोठी मौज वाटते. कुठल्याही घरात जाऊन विचारा, "तुम्ही मुलांना लोकांविषयी वाईट सांगता का?" सगळे कानाला हात लावतील. आणि तरी मूल पहिलीत जाईपर्यंत त्याच्याकडे गल्लीतल्या प्रत्येक घराचा निकाल तयार असतो. कोण चांगलं, कोण बरं, कुणाच्या घरी पाणी प्यायचं, कुणाच्या घरी फक्त दारातून हाक मारायची. हा अभ्यासक्रम कुणी लिहीत नाही. तो कडीच्या आवाजात असतो, चहाच्या कपात असतो.

चहाचं थोडं सविस्तर सांगायला हवं. अकोल्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. कूलर गरम हवा फेकतो, नळाचं पाणी चटका देतं, आणि अशा भर दुपारीही घरी आलेल्या माणसाला चहा विचारतात. तो पितो. घरून पिऊन आला असला तरी पितो. वाटेत टपरीवर थांबून आला असला तरी पितो. त्यामुळे "चहा नको, आत्ताच झाला" हे वाक्य वऱ्हाडात जवळजवळ कधीच खरं नसतं. ते फक्त काही घरांसाठी राखून ठेवलेलं असतं. ज्या घरी आपल्याला बसायचं तर आहे, काम तर आहे, बोलायचंही गोड आहे, पण तिथला कप ओठाला लावायचा नाही, त्या घरासाठी. यजमानालाही ते कळतं. तो एकदा आग्रह करतो, दुसऱ्यांदा करत नाही. दोन्हीकडची अब्रू राहते. फार सुसंस्कृत व्यवस्था आहे ही. फक्त शेजारी खुर्चीत पाय हलवत एक पोर बसलेलं असतं आणि त्याला पक्कं माहीत असतं की आजीनं सकाळपासून चहा घेतलेला नाही.

उन्हाळ्याच्या सुटीत नात आमच्याकडे अकोल्याला होती. आजीबरोबर कॉलनीत चार घरी हिंडून आली आणि रात्री गच्चीवर माझ्या शेजारी पडून म्हणाली, "आबा, ज्यायच्या घरी आपला चहा आत्ताच झालेला राहते, ते लोक वाईट असतात का?"

"कोणी सांगतलं तुले?"

"कोणीच नाई. मले समजते."

ज्याँ प्याजे नावाच्या स्विस मानसशास्त्रज्ञानं १९३२ साली मुलांच्या नैतिक न्यायबुद्धीवर एक पुस्तक लिहिलं. त्यात त्यानं मुलांना दोन गोष्टी सांगून निवाडा मागितला होता. एका मुलाच्या हातून दार उघडताना नकळत पंधरा कप फुटले, दुसऱ्याच्या हातून चोरून मुरंबा काढताना एकच फुटला. जास्त वाईट कोण? लहान मुलं म्हणाली, पंधरावाला. थोडी मोठी झालेली म्हणाली, मुरंबावाला, कारण त्याचा हेतू वाईट. प्याजे वऱ्हाडात आला असता तर त्याची थोडी पंचाईत झाली असती. इथल्या पोरानं त्याला आधी विचारलं असतं, कप कोणत्या फळीवरचे? माझ्या लहानपणी आमच्या घरी मागच्या दारी भिंतीतल्या कोनाड्यात एक कप पालथा ठेवलेला असे. त्याचा कान तुटला होता. तो कुणासाठी, तो कोण विसळतं, विसळलेलं पाणी कुठं टाकायचं, यातलं काहीही मला कुणी कधी समजावून सांगितलं नाही आणि त्यातलं काहीही मला माहीत नव्हतं असं एकही वर्ष आठवत नाही. आता कोनाडा नाही, तो कपही नाही. कागदी कप आले. पाहुणा गेला की कप फेकून देता येतो आणि स्वच्छतेचं नाव सांगता येतं.

माहिती द्यायची नाही पण निकाल द्यायचा, ही रीत आईपासूनच सुरू होत असे. आईला महिन्यातून काही दिवस कावळा शिवे. आई कोपऱ्यात बसे, तिला हात लावायचा नाही, ती कशालाच हात लावत नसे. मला कावळ्याचा इतका राग होता की अंगणातल्या निंबावर तो दिसला रे दिसला की मी दगड घेऊन धावत असे. घरातल्या एकानं मला आईजवळ जाऊ दिलं नाही आणि दुसऱ्यानं कावळ्याला दगड मारू दिला नाही, "पितर असतात ते" म्हणून. म्हणजे पितर येऊन आईला शिवतात आणि विटाळ आईला होतो. मला तेव्हाही हा न्याय पटला नव्हता. पुष्कळ वर्षांनी वाचलं की विटाळाविषयी हाच प्रश्न तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामींपुढे आला होता आणि त्यांनी शिष्येला सरळ सांगितलं होतं की देहाच्या नाकाडोळ्यांतून जसा मळ वाहतो तसाच हा एक, त्यात विटाळ कसला. सातशे वर्षं आधी उत्तर तयार होतं. आमच्यापर्यंत मात्र कावळाच पोचला.

चक्रधरांचं उत्तर आमच्यापर्यंत का पोचलं नाही, त्याचीही एक गोष्ट आहे आणि ती आमच्याच वऱ्हाडातली आहे.

शाळेत आम्हाला म्हणी पाठ करायला होत्या. त्यात एक होती, "करणी कसायाची, बोलणी मानभावाची." अर्थ, गोड बोलून गळा कापणं. पाच मार्कांच्या प्रश्नात ती हमखास यायची. वर्गात मोर्शीकडचा एक मुलगा होता, मामाकडे शिकायला राहिलेला. गुरुजी एकेकाला उभं करून म्हणी म्हणवून घेत. या मुलाच्या वाट्याला नेमकी ती आली आणि तो गप्प उभा राहिला. इतर सगळ्या म्हणी त्याला येत होत्या. गुरुजींनी छडी दिली. मधल्या सुटीत त्यानं सांगितलं की आम्ही महानुभाव आहोत, म्हणजे म्हणीतले मानभाव.

मी त्याच्या घरी गेलो तो कुतूहलानं. गळा कापणारी माणसं गोड बोलतात म्हणजे नेमकं कसं बोलतात ते पाहायचं होतं. दारात त्याची आजी होती. तिनं हात जोडले आणि मला, अर्ध्या चड्डीतल्या पोराला, "दंडवत प्रणाम" म्हणाली. त्या वयात मला कुणीही नमस्कार केलेला नव्हता. सगळ्यांना मीच करायचो, तोही मानेला मागून धक्का बसल्यावर. त्या माउलीनं भाकर आणि मिरचीचा ठेचा दिला, वर तेल घातलं. घरी येऊन मी आनंदानं हे सांगितलं, तर पहिला प्रश्न आला, "खाल्लंस तिथं?" कसं होतं ते कुणी विचारलं नाही.

त्या मुलाच्या गावाजवळच रिद्धपूर आहे. मोर्शी तालुक्यातलं हे गाव महानुभावांची काशी. इथं गोविंदप्रभू राहिले. लोक त्यांना वेडे समजत. ते कुणाच्याही घरात शिरत, कुणाच्याही ताटातलं उचलून खात, पोरांमध्ये पोर होऊन खेळत. या वेड्याला चक्रधरांनी गुरू केलं. पंथातल्या म्हाइंभटांनी सुमारे १२७८ साली चक्रधरांच्या आठवणींचं 'लीळाचरित्र' सिद्ध केलं तेही याच भूमीत, आणि मराठीतला पहिला गद्यग्रंथ म्हणून आज आपण त्याचा अभिमान बाळगतो. पंथात बायकांना संन्यास होता, जातीची उतरंड मानायची नव्हती, भाषा संस्कृत नको, लोकांची हवी होती. एवढे अपराध एका पंथाच्या नावावर असल्यावर समाज त्याला म्हणीत घालणारच. महानुभावांनी आपल्या पोथ्या सांकेतिक लिप्यांमध्ये लिहून ठेवल्या आणि विसाव्या शतकात इतिहासकार राजवाड्यांसारख्यांनी त्या उलगडेपर्यंत बाहेरच्यांना त्या वाचताच येत नव्हत्या. वाचता येत नसल्यामुळे त्यांत काहीतरी भयंकर असणार याबद्दल सगळ्यांची खात्री होती. पोथ्या कुलपात आणि म्हण मोकळी, असा कित्येक शतकांचा कारभार चालला.

आणि आता याच रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ झालं आहे, २०२४ पासून. ज्यांच्या नावाची म्हण पाठ करून आम्ही मराठीत मार्क मिळवले, त्यांच्या गावी मराठी शिकायला जायचं आहे. त्या छडी खाल्लेल्या मुलाला हे कळलं असेल का, आणि कळल्यावर तो हसला असेल का, असं कधी कधी मनात येतं. म्हणीतला दुसरा माणूस, कसाई, त्याचं तर कुणी नावही काढत नाही. त्या बिचाऱ्याची करणी आपण पोळ्याच्या करीला रांगेत उभं राहून, "चांगलं बघून दे" असं सांगून विकत घेतो.

आता संतांकडे वळतो, कारण पोरांची खरी अडचण तिथं होते. २३ फेब्रुवारी ही आमच्या वऱ्हाडात मोठी तारीख आहे. १८७६ साली या दिवशी अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावात परटाच्या घरी डेबूजी जन्मले, पुढे गाडगेबाबा झाले. १८७८ साली याच तारखेला शेगावात गजानन महाराज लोकांना प्रथम दिसले. कसे दिसले? एका मठाबाहेर फेकलेल्या उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचून खाताना, अंगावर जवळजवळ काही नसलेले, आणि नंतर गुरांच्या हाळातलं पाणी पिताना. वऱ्हाडातल्या घराघरांत ही कथा पारायणात वाचली जाते. आमच्या घरीही वाचली जाते, नात मांडीवर असते.

तर एकदा अकोल्याच्या बसस्टँडवर आम्ही अमरावतीच्या गाडीची वाट पाहत होतो. उपाहारगृहाच्या मागं एक माणूस बसला होता. जटा झालेले केस, अंगावर पोत्याचा तुकडा, पुढ्यात टाकलेल्या कागदी प्लेट. त्यांतलं तो निवांत खात होता. नात टुणकन उभी राहिली आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं ओरडली, "आजी, गजानन महाराज!"

आमच्या सौ.चा उजवा हात आपोआप कपाळाकडे गेला आणि डावा हात नातीच्या दंडाला गेला. उजव्यानं नमस्कार चालू होता आणि डाव्यानं ओढणं. "पायू नको तिकडे!"

"काऊन?"

याला उत्तर नव्हतं. गाडी लागली म्हणून सुटका झाली. पोरीनं वाटेत मूर्तिजापूर येईपर्यंत विषय सोडला नाही. फोटोतले चालतात, मग खरे का नाही चालत? मी म्हणालो, सगळेच काही महाराज नसतात. ती म्हणाली, "पण शेगावच्या लोकायले पहिले कुठं माहीत होतं?" हा मुद्दा महाराजांना प्रथम ओळखणाऱ्या बंकटलाल अग्रवाल यांनाही सुचला असणार, म्हणून तर ते उष्ट्यांपाशी थांबले. बाकीचं शेगाव त्या दिवशी नाकाला पदर लावून पुढे गेलं असेल. आपण सगळे त्या पुढे गेलेल्यांचे वंशज आहोत, फक्त फोटो आपण बंकटलालच्या बाजूचा लावला आहे.

चांदूर बाजारकडे आमचे सोयरे आहेत. त्यांच्या दिवाणखान्यात माधानच्या गुलाबराव महाराजांची तसबीर आहे. अवघ्या चौतिसाव्या वर्षी, १९१५ साली, समाधिस्थ झालेले हे विलक्षण पुरुष. नऊ महिन्यांचे असताना दृष्टी गेली आणि तरी वेदान्तापासून संगीतापर्यंत शंभराहून अधिक ग्रंथ त्यांनी सांगून लिहवले. स्वतःला ते ज्ञानेश्वरांची कन्या मानत आणि कृष्णाची पत्नीही. म्हणून कपाळी कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, केसांची वेणी. नातीनं ती तसबीर पाहिली होती, पायाही पडली होती. परतीला बडनेऱ्याहून रेल्वेत बसलो तर डब्यात टाळ्या वाजवत तृतीयपंथी आले. सगळा डबा एकदम खिडकीबाहेरची कपाशी बघायला लागला. कुणी झोपेचं सोंग घेतलं. आमच्या पोरीनं वर पाहिलं, कुंकू पाहिलं, मंगळसूत्र पाहिलं आणि वाकून पाया पडली. त्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं की काय मला सांगता येणार नाही, कारण त्या वेळी मीही कपाशी बघत होतो. पण त्यांनी पैसे घेतले नाहीत. नातीच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुढच्या डब्यात गेल्या. आमच्या सौ. हळूच म्हणाल्या, "त्यांचा आशीर्वाद लागतो म्हणतात." आशीर्वादाला हरकत नव्हती, बघायला तेवढी हरकत होती.

पाप आणि रोग यांची सांगड मात्र माझ्या पिढीत नातीच्या पिढीपेक्षा पक्की होती. महारोग झाला म्हणजे गेल्या जन्मी काहीतरी केलं असणार, हे आम्हाला रामरक्षेबरोबरच येत होतं. अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली तपोवन उभं केलं आणि गावानं टाकलेल्या त्या माणसांच्या हाताला काम दिलं. नॉर्वेच्या हॅन्सननं १८७३ मध्येच रोगाचा जंतू दाखवला होता, म्हणजे गेल्या जन्माचा प्रश्न तेव्हाच निकालात निघाला होता. तरी कित्येक वर्षं तपोवनाकडे जाणाऱ्या रस्त्याचं नाव काढलं की मोठी माणसं आवाज खाली आणत. पोरं जंतूचा धडा वाचून पास होत आणि भीती त्या खाली आलेल्या आवाजाची बाळगत.

मग आडनावं. वऱ्हाडात नव्या मुलाला "नाव काय?" विचारतात आणि त्याचं नाव ऐकून कुणाचंच समाधान होत नाही. "पूर्ण नाव सांग." पंचाईत अशी की आमच्याकडे वानखडे, इंगळे, तायडे ही आडनावं सगळ्या वस्त्यांत सापडतात. त्यामुळे आडनावानं भागत नाही. मग "गाव कोणतं?" मग "गावात घर कुठल्या बाजूले?" मग "तुमच्या घरी फोटो कोणाचा हाय?" सहा वर्षांच्या मुलाची एवढी उलटतपासणी कोर्टातही होत नसेल, आणि ती होते शेवचिवड्याची बशी त्याच्या हातात देता देता. नातीच्या वर्गातला एक मित्र घरी आला होता, त्याची झाली. तो शेवटच्या प्रश्नाला म्हणाला, "विराट कोहलीचा." आजीबाई हरल्या. पण शेजारी उभ्या असलेल्या नातीनं प्रश्नांचा क्रम पाठ केला आणि पुढच्या आठवड्यात बाहुल्यांचं लग्न लावताना नवरदेवाला तो विचारला.

याच अमरावतीत १९२७ साली अंबादेवीचं देऊळ सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून सत्याग्रहाचा शंख फुंकला गेला. त्या नोव्हेंबरात इंद्रभुवन थिएटरात परिषद भरली, अध्यक्षस्थानी बाबासाहेब आंबेडकर होते, आणि देवळासाठी झटणाऱ्यांत पंजाबराव देशमुख होते. पंजाबरावांच्या श्रद्धानंद छात्रालयात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत जेवत. घरी जाऊन ती काय सांगत असतील आणि घरचे "खाल्लंस तिथं?" म्हणत असतील का, याची नोंद कुठं सापडत नाही. नवरात्रात आपण नातवंडांना अंबादेवीला नेतो, रुक्मिणीहरणाची कथा सांगतो. रुक्मिणी याच देवळातून पळाली हे पोरांना माहीत असतं. याच देवळात कुणाला येऊ देत नव्हते, हे कुणी सांगत नाही. प्रेमविवाह देवीच्या काळातला चालतो, सत्याग्रह आजोबांच्या काळातला जड जातो.

नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. मे २०२३ मध्ये तीच पाळी अकोल्यावर आली. या दिवसांबद्दल हसून लिहिता येत नाही. पण घरात कोंडलेली पोरं खेळल्याशिवाय राहत नाहीत. नातीचा मोठा भाऊ आणि त्याचे मित्र जिन्यात "कर्फ्यू कर्फ्यू" खेळत होते. पोलीस व्हायला सगळे तयार. "आपल्याकडचे" व्हायलाही तयार. "तिकडचे" व्हायला कुणीच तयार होईना, आणि तिकडचे नसतील तर खेळच होत नाही. शेवटी एकानं सुचवलं की कूलरवाले चाचा तिकडचे आहेत, ते गेटपाशी आले की त्यांना घेऊ. दर उन्हाळ्यात आमच्या कूलरच्या ताट्या बदलून देणारे ते चाचा. त्यावर नातू फार रागावला. म्हणाला, "चाचा कायचे तिकडचे? ते कूलरवाले हायेत." खेळ मोडला. त्याची माणसांची वर्गवारी तेव्हा अजून पुरी झाली नव्हती. आता तो चौदा-पंधराचा होतो आहे, हातात मोबाइल आहे, आणि त्या मोबाइलवर त्याची वर्गवारी पुरी करून द्यायला पुष्कळ लोक टपलेले आहेत. पूर्वी कडीच्या आवाजाला निदान एका घराची हद्द होती.

पोरांच्या "काऊन?"ला या मुलखात एकच माणूस घाबरला नाही. गाडगेबाबा कीर्तनाला उभे राहत ते मुळी प्रश्न घेऊन. पोर विचारतं तसले प्रश्न, साधे, लाज आणणारे, आणि उत्तर समोरच्या हजारो लोकांकडूनच वदवून घेत. प्रश्न सोपा असल्यामुळे खोटं बोलता येत नसे. दारूपायी बाप लवकर गेला, ते मूर्तिजापूर तालुक्यात दापुऱ्याला आजोळी वाढले. पुढं मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण-दारू न देता त्यांनी गोडाचं जेवण घातलं, तेव्हा भावकी नाराज झाली. तिनंही त्यांच्याविषयी आपल्या पोरांना काहीतरी सांगितलंच असेल, कडी वाजवून. शाळेत न गेलेल्या या माणसाचं नाव २००५ साली अमरावती विद्यापीठाला दिलं गेलं. पदवीच्या कागदावर ते छापलेलं असतं आणि पदवी घेऊन आलेली पोरं मुलाखतीत पुन्हा तेच ऐकतात, "पूर्ण नाव सांगा."

शाळेतल्या मास्तरांना आणि बाईंना माझी एक विनंती आहे. ती मानभावांची म्हण यादीतून काढू नका. काढलेली म्हण पोरं बाहेरून शिकतात. ती शिकवा, कुणी बनवली असेल आणि का, हे त्यांनाच शोधायला सांगा, आणि त्या वर्षीची सहल वॉटर पार्कऐवजी रिद्धपूरला न्या. अमरावतीहून जाऊन एका दिवसात परत येता येतं. सोबत पालकांनाही घ्या, आजी-आजोबांना तर नक्की घ्या, आणि त्यांना गाडीत पुढं बसवा. कुणालाही डबा बांधून आणू देऊ नका. तिथं कुणी जेवायला बसवलं तर बसा, चहा विचारला तर प्या. आमच्या सौ.चं नाव मी आताच देऊन ठेवतो.